लाल थराच्या वर

४ फेब्रुवारी, मंगळवार

टक, टक, ठण्ण!

दुपारी जरा डोळा लागला होता, त्यात हा आवाज आला आणि मी ताडकन उठून बसलो. हातोडीचा आवाज. आधी दोन हलक्या टिचक्या, दगडाची विचारपूस केल्यासारख्या, आणि मग एक सणसणीत घाव. असा दगड फोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भूसर्वेक्षण खात्यात आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो, वर्षानुवर्षं एका तंबूत झोपलो, एका डब्यात जेवलो. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून मी त्याचं नाव दुर्बीण ठेवलं. खोऱ्यापलीकडच्या उतारावरून ते टक, टक, ठण्ण ऐकू आलं की समजायचं, स्वारी अजून घसरून पडलेली नाही.

तो आवाज शेवटचा ऐकला त्याला तीस वर्षं होऊन गेली. आमचं बोलणं नाही.

खिडकीतून पाहिलं. अर्थात तो नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता रुंद करतायत, त्यांचं यंत्र खडक ठोकत होतं. अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "काय रे धाकट्या, दचकलास का?"

"स्वप्न पडलं."

"मग स्वप्नातच चहा पिऊन यायचास. दूध संपलंय."

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दोघांचेही जोडीदार गेल्यावर आम्ही एका घरात राहायला लागलो. लहानपणी भांडणं अर्धवट राहिली होती, ती आता पूर्ण करतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

कापलेला डोंगर पाहून आलो. जन्मभर ज्या डोंगराला बाहेरून टिचक्या मारत हिंडलो, त्याचं पोटच उघडं पडलंय! राखाडी, पिवळट, लाल, पुन्हा राखाडी, थरावर थर, सगळे एका बाजूला कललेले, कपाटात पुस्तकं कलंडतात तसे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे वरचं सगळं धुकट दिसलं. तरी उभा राहून बघतच राहिलो.

पिवळं शिरस्त्राण घातलेली एक मुलगी धावत आली. तिथली इंजिनिअर.

"काका, इथं उभं राहायचं नाही."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी इथं उभा राहत आलोय."

"तेव्हा इथं आख्खा डोंगर होता. तुम्ही त्याच्या पोटात उभे होतात का?"

मुलगी आवडली मला. मी कोण ते सांगितल्यावर तिनं एक शिरस्त्राण माझ्याही डोक्यावर ठेवलं. ते नाकापर्यंत आलं. तिनं सांगितलं, जाळी ठोकून सबंध कड्यावर सिमेंटचा फवारा मारायचाय, म्हणजे दगड सुटून रस्त्यावर यायचे नाहीत. अठरा तारखेला सुरुवात.

म्हणजे डोंगर दोन आठवडे बोलेल आणि मग त्याचं तोंड कायमचं बंद.

आमचं भांडण याच डोंगराचं. मधोमध तो लाल थर आहे ना, तो नदीचा. त्याच्या खाली समुद्राचे थर आहेत, शंखशिंपल्यांसकट. त्यावर कुणाचाच वाद नाही. लाल थरानंतर काय झालं, हा प्रश्न. दुर्बीण म्हणायचा, समुद्र गेला तो गेला, वर सगळा नद्यांचाच गाळ. मी म्हणायचो, नाही, समुद्र परत एकदा येऊन गेलाय. पुरावा विचारला की माझ्याकडे फक्त दोन-चार दगडांचे तुकडे, तेही ओढ्यात सापडलेले. नकाशा छापायला जायच्या आधीच्या बैठकीत त्यानं लाल थराच्या वरचा सगळा भाग नदीच्या पिवळ्या रंगानं रंगवला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "याला खडक दिसत नाहीत हो, याला कविता दिसतात."

सगळे हसले. त्यानंतर आम्ही वेगवेगळे तंबू मागून घेतले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्कानं फर्मान काढलं, "तू एकटा तिथं जायचं नाहीस. पडलास तर मला उचलायला यावं लागेल, त्यापेक्षा आधीच येते." स्टूल, छत्री, पाण्याची बाटली आणि तिचं विणकाम, अशी मिरवणूक निघाली. वाटेत म्हणाली, "डोंगराच्या पायथ्याशी समुद्र कसा रे? समुद्र कुठल्या कुठं!"

मी म्हणालो, "तू माझ्या पलंगाच्या कडेला बसतेस तेव्हा काय होतं? गादी खचते आणि मी घरंगळत तुझ्याकडे येतो. तसंच. डोंगर वर चढला, त्याच्या वजनानं पुढची जमीन खचली, लांबच लांब खळगा झाला, त्यात समुद्र शिरला. मग डोंगरच झिजून झिजून त्या खळग्यात येऊन पडला आणि तो बुजला."

अक्कानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "म्हणजे मी डोंगर."

"उदाहरण आहे, अक्का."

"आणि तू घरंगळणारा समुद्र. वा रे वा! झिजतेय मात्र मीच."

८ फेब्रुवारी, शनिवार

आज काय लिहू आणि कसं लिहू!

कड्याच्या पायथ्याशी एक मोठा ठोकळा पडलाय, खोलीएवढा, यंत्रानं वरून सुटलेला. राखाडी, त्याच्या माथ्यावर लाल पट्टा. डोळे साथ देत नाहीत म्हणून मी त्याच्या बाजूवरून नख फिरवत बसलो होतो. वाळूचा थर बोटाएवढा. मग चिकणमातीचा पापुद्रा. मग वाळूचा थर, निम्मा. पुन्हा पापुद्रा. जाड, पातळ, जाड, पातळ. नख आपोआप ठेका धरू लागलं, आणि अचानक माझ्या कानात आमचे मराठीचे मास्तर उभे राहिले. ते वृत्त शिकवताना टेबलावर डस्टर आपटायचे. गुरूला जोरात, लघूला हलकेच. खडूचा धुरळा उडायचा, पहिल्या बाकावरची पोरं पांढरी व्हायची आणि आम्ही सगळे डुलत डुलत म्हणायचो. यति आला की मास्तर डस्टर हवेत धरायचे. वर्गही श्वास धरायचा.

गुरू, लघु, गुरू, लघु. आणि मधला मातीचा पापुद्रा म्हणजे यति!

ही भरती-ओहोटी आहे. दिवसातून दोनदा भरती, एक मोठी, एक लहान. मोठीनं जाड थर टाकला, लहानीनं पातळ. मध्ये पाणी क्षणभर थबकलं तेव्हा गढूळ माती खाली बसली. पुढे पुढे थर वाढत वाढत जातात, मग आकसत जातात, मग पुन्हा वाढतात. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे उतरलेली भरती! कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या आकाशातला चंद्र माझ्या नखाखाली कलेकलेनं लहान-मोठा होत होता. नदीला हे जमत नाही. नदी गद्य लिहिते, पूर आला की पानभर, नाहीतर महिनोन्महिने काही नाही. वृत्तात लिहितो तो समुद्रच.

मी मोठ्यानं म्हणायला लागलो. बहुधा नाचलोही. इंजिनिअरबाई लांबून बघत होती. अक्का तिला म्हणाली, "घाबरू नकोस, हा लहानपणापासून असाच आहे." मग माझ्याच सांगण्यावरून अक्कानं तिच्या फोनवर ठोकळ्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. फोन मला जमत नाही, तिला जमतो.

घरी येता येता दोन ओळी सुचल्या:

उभा डोंगराच्या कुशीशी किनारा,
कुणी लाट मोजी, कुणी मोजि वारा.

अक्का म्हणाली, "वारा नंतर मोज. आधी पायाची माती झटक."

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दात घासता घासता लक्षात आलं आणि ब्रश हातातच राहिला.

ठोकळ्यावर लाल पट्टा माथ्याला आहे. समुद्राचे थर त्याच्या खाली. खालचा समुद्र तर सगळ्यांनाच मान्य आहे! मी तीस वर्षं म्हणत आलो लाल थराच्या *वर* समुद्र, आणि सापडला तो खालीच. म्हणजे जुनाच समुद्र निघून जाताना दिसला, एवढंच.

दुर्बीणचं बरोबर होतं. मला कविता दिसतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेर पडलो नाही. वर्तमानपत्रसुद्धा उघडलं नाही. अक्कानं दोनदा विचारलं, "आज दगडोबांकडे जायचं नाही का?" मी म्हणालो, कंबर दुखतेय. ती म्हणाली, "कंबर दुखणारा माणूस असा भिंतीकडे तोंड करून बसत नाही. काय झालं ते सांग." मग सांगितलं सगळं. तिनं ऐकून घेतलं, नेहमीसारखी टर उडवली नाही, त्याचं जास्तच वाईट वाटलं.

इतकी वर्षं मनात एक समुद्र जपून ठेवला होता. तोही सुकला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अक्का गॅलरीत तासभर फोनवर. तिची कुणीतरी विणकामाची मैत्रीण आहे, दर रविवारी बोलतात. हल्ली रोजच चाललंय. माझ्या कानावर तुकडे येत होते. "अहो, पण त्यात वरची बाजू कुठली ते कसं ओळखायचं?... अस्सं, निमुळतं टोक कुणीकडे ते बघायचं... नाही, त्याला नाही सांगितलं... फोटो नीट दिसतोय ना तुम्हाला?"

स्वेटरचा नमुना दिसतोय. पण इतक्या जुन्या मैत्रिणीला अक्का अजून अहो-जाहो करते, याची मौज वाटली. आमच्या पिढीचा संकोच काही जात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना अक्कानं एकाएकी विचारलं, "त्या तुझ्या ठोकळ्यात किड्यामुंग्यांची बिळं आहेत का रे?"

मी चाटच पडलो. "आहेत. खेकड्यासारखा कुठलासा प्राणी असणार. तळाच्या वाळूत खाली खाली खणत जायचा. वर अरुंद तोंड, खाली राहायला ऐसपैस खोली. सुरईसारखा आकार. पण तुला कसं सुचलं?"

"सहज. आणि त्या बिळांची तोंडं कुणीकडे आहेत?"

"कुणीकडे म्हणजे? वरच असणार. कुणी घराचं दार जमिनीखाली आणि…"

घास हातात राहिला. मी डोळे मिटून ठोकळा आठवला. नख आठवलं. लाल पट्ट्याच्या जरा खाली एक फुगीर पोकळी लागली होती, आणि तिचा गळा… गळा खाली गेला होता. खाली!

हात न धुताच निघालो. अक्का मागून ओरडत होती, "अरे, चपला! दोन्ही पायांत वेगवेगळ्या आहेत!" असू देत. तिथं पोचून गुडघ्यांवर बसलो. एक बीळ, दुसरं, तिसरं. सगळ्यांची दारं जमिनीकडे, खोल्या आभाळाकडे. लाटांनी वाळूवर उठवलेल्या वळ्या चाचपल्या. वळीचं धारदार टोक वर हवं. इथं सगळी टोकं खाली लोंबत होती.

ठोकळा पडताना उलटा झालाय!

म्हणजे त्याचा माथा हा तळ आहे. लाल थर खाली आणि समुद्र त्याच्या *वर*. नदी वाहून गेल्यावर, सगळं संपलं असं वाटल्यावर, समुद्र परत आला होता.

किती साधी चूक! नवी पोरं खात्यात यायची तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना बजावायचो, पडलेल्या दगडाचं डोकं-पाय ओळखल्याशिवाय त्याच्याशी बोलू नका. आणि मीच त्या आनंदाच्या भरात… आता बसून हसतोय.

अक्काचं मात्र कौतुक वाटतं. चार दिवस माझ्याबरोबर आली काय, आणि नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारते! संगतीचा परिणाम. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "हो, संगतीचाच." आणि विणकामात तोंड घालून बराच वेळ हसत होती. स्तुतीची सवय नाही बिचारीला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिनिअरबाईंना गाठलं. मागणं घेऊन जायचं, म्हणून आता अहो-जाहो. उलट्या सुरईचा सगळा किस्सा सांगितला. त्यांनी लगेच यंत्राचा पाळणा मागवला, मला त्यात उभं केलं, स्वतः शेजारी उभ्या राहिल्या, आणि आम्ही दोघं कड्यासमोरून वर वर गेलो. मी कठडा घट्ट धरला होता. लहानपणी जत्रेच्या पाळण्यात डोळे मिटून घ्यायचो. आज उघडे ठेवले.

ठोकळा सुटला ती खोबण सापडली. तिथं खडक जागचा हललेला नाही. खाली लाल. वर राखाडी. मी हात पुढे करून नख टेकवलं. गुरू, लघु, गुरू, लघु. मास्तर, ऐकताय ना?

"काका, रडताय?"

"धूळ आहे."

"हो, मला पण धूळच वाटली," त्या म्हणाल्या आणि रुमाल दिला.

खाली आल्यावर मी म्हणालो, हा एवढा उभा पट्टा सिमेंटखाली घालू नका. माझ्यासाठी नको, पुढे कुणी शिकायला येईल, त्याला बघता यावं. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "खडक तिथं पक्का आहे, जाळीवर भागेल. माझी तयारी आहे. पण वर काय सांगू? एक आजोबा म्हणाले? छापलेल्या नकाशात तर तिथं नदी आहे. दोन जाणकार एकत्र उभे राहून हेच म्हणाले तर मी भांडेन. सतरा तारखेपर्यंत आणा कुणाला तरी."

दोन जाणकार. या डोंगराचे जाणकार जगात दोनच उरलेत. त्यातला एक मी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अक्का: "कर त्याला फोन."

मी: "कुणाला?"

"वेड पांघरू नकोस."

"तो येणार नाही. आणि का येईल? त्याचाच नकाशा चुकला हे सांगायला?"

"तू त्याच्या जागी असतास तर गेला असतास का?"

मी म्हणालो, "गेलो असतो. समुद्र बघायला गेलो असतो." आणि मग माझं मलाच ते ऐकू आलं. अक्का सुईवरचे टाके मोजत राहिली.

खरं लिहायचं तर, इथं माझ्यावाचून कोण वाचतंय! मला पट्टा वाचवायचाच आहे. पण पाळण्यातून वर जाताना आधी मनात आलं ते हे, की हे त्याला दाखवायला हवं होतं. जिंकलो म्हणून नव्हे. आम्ही काही सापडलं की आधी एकमेकांना हाक मारायचो, मग नोंद करायचो. तीस वर्षांत जे जे सापडलं ते नुसतं नोंदवलं.

फोनपर्यंत गेलो. त्याचा नंबर माझ्याकडे नाही, हे तिथं गेल्यावर आठवलं. जिवंत आहे की नाही, हेही ठाऊक नाही. कुणाला विचारणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

काही केलं नाही. इंजिनिअरबाईंना उद्या जाऊन सांगायचं, दुसरा माणूस मिळाला नाही. मग अठराला फवारा. असो. मी तो समुद्र पाहिला, हात लावून पाहिला. एका माणसाला एवढं पुष्कळ आहे, असं म्हणून बघितलं. पुरत नाही.

अक्का दिवसभर घर आवरत होती. मधल्या खोलीतला माझ्या दगडांचा पसारासुद्धा तिनं फडक्यानं पुसून फळीवर मांडला, एरवी त्याला "तुझी अडगळ" म्हणते.

१७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

इंजिनिअरबाईंकडे निघालो होतो, तर अक्का दारात आडवी. "आत्ता जायचं नाही. दहा वाजू देत."

"दहाला काय आहे?"

"ऊन येतं."

"ऊन आल्यावर जायचं?"

"तुला सगळं सांगायलाच पाहिजे का? बैस आणि लिही काहीतरी तुझ्या वहीत."

म्हणून बसलोय. अक्काची आज मला काळजी वाटते आहे. केस नीट विंचरून, ठेवणीतला चष्मा लावून दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाते. टेबलावर कप मांडलेत, तेही तीन. आम्ही दोघं राहतो, अक्का! हल्ली तिचं विस्मरण वाढलंय, वयच झालं, डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि तिसऱ्या कपाशेजारी साखर न घातलेल्या चहाची वेगळी किटली. बिनसाखरेचा चहा आमच्यात कुणीच पीत नाही. असला कडू चहा पिणारा मी आयुष्यात एकच…

बाहेर गाडी थांबली. फाटक वाजलं. कुणीतरी काठी टेकत, दर पावलाला थांबत पायऱ्या चढतंय. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "धाकट्या, दार तू उघड. माझे हात ओले आहेत." तिचे हात अगदी कोरडे आहेत, मला इथून दिसतायत.

दारावर थाप पडली.

दोन हलक्या. मग एक सणसणीत.

लघु, लघु, गुरू. मास्तर असते तर म्हणाले असते, स-गण. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, या माणसाला कवितेचा कान नाही म्हणून!

आणि दाराबाहेरून तोच घोगरा आवाज, पहिल्यापेक्षा दमलेला: "अरे, उघड की! ऊन बरोबर कड्यावर पडलंय. आणि बिळांची तोंडं खाली आहेत हे कळायला तुला फोनवरून अक्कांकरवी विचारावं लागतं होय रे, कविराज?"